हिरव्या अक्षरांचं कुलूप

दुकान एकच, पण त्याला खिडक्या दोन. एका खिडकीशी नवरा घड्याळं दुरुस्त करतो, दुसरीशी बायको कॉम्प्युटर. ती लग्न होऊन आली तेव्हा दोन्ही खिडक्या घड्याळांच्याच होत्या. पुढे माणसं फोनमध्ये वेळ बघायला लागली, एक खिडकी ओस पडली, आणि एका रिकाम्या दुपारी तिने कुणीतरी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरचं पोट उघडलं. शिकवायला कुणी नव्हतं. नवऱ्याचे बारीक पेचकस होते, आणि कळल्याशिवाय उठायचं नाही ही माहेरची खोड होती. पहिला कॉम्प्युटर तिच्या हातून गेला तो गेलाच. दुसरा चालू झाला. त्यानंतर त्या खिडकीला रिकामी दुपार अशी फारशी लाभली नाही.

लोक तिला 'आधी सांगा' म्हणतात. समोर नाही, पाठीमागे. पण तिला ठाऊक आहे. ड्राइव्ह उघडत नाही, फोल्डर उघडत नाही, असं म्हणत कुणी आला की ती यंत्राला हात लावत नाही. समोरच्या स्टुलावर बसवते आणि म्हणते, "बिघडल्यापासून तुम्ही काय काय केलंत, ते आधी सांगा." माणूस म्हणतो, काहीच केलं नाही. ती म्हणते, बरं. आणि हातातला फडका घेऊन टेबल पुसत राहते. टेबल स्वच्छच असतं. थोड्या वेळाने स्टुलावरचा माणूस बोलायला लागतो.

एका शिक्षकाने असंच शेवटी सांगितलं की ड्राइव्ह कोरा करू का, असं कॉम्प्युटर सारखं विचारत होता. नाही म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न, म्हणून एकदाचं हो म्हणून टाकलं. एका बेकरीवाल्याच्या पेन ड्राइव्हवर फोल्डरांऐवजी नुसत्याच बाणांच्या खुणा दिसत होत्या. त्याने त्या खुणा पुसल्या, वर पेन ड्राइव्ह साबणाने धुतला. ती कुणाला हसत नाही. हसायचं काम नवरा करतो, आणि तेही डोळ्याला भिंग लावून, खाली मान घालून.

तिचं म्हणणं एवढंच, की दुखणं कळल्याशिवाय औषध दिलं तर औषधच दुखणं होतं.

तर एका सकाळी स्टुलावर तिची धाकटी जाऊ येऊन बसली. बरोबर धाकटे भाऊजी, काखेत नवा कॉम्प्युटर धरून. धाकटीने या दुकानाची पायरी चढून बरेच दिवस झाले होते. दोघींत भांडण असं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, निदान मिटलं तरी असतं. कार्यप्रसंगी दोघी एकमेकींना वाढायच्या, बोलायच्या, आणि घरी जाऊन आपापल्या नवऱ्याला सुनवायच्या.

धाकटीचं भरतकामाचं मशीन आहे. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. नमुने ती स्वतः काढते, कॉम्प्युटरवर बसवते, आणि मशीन ते कापडावर उतरवतं. जन्मभराचं काम एका फोल्डरात. भाऊजींनी जुना कॉम्प्युटर मंदावला म्हणून नवा घेतला, जुन्याची डिस्क काढून नव्यात बसवली, आणि फोल्डर उघडायला गेले तर परवानगी नाही. त्या संध्याकाळी एका हॉटेलवाल्याला पडद्यांचा जुना नमुना भरून दाखवायचा होता. त्याला तोच हवा होता. नाही जमलं तर तो दुसरीकडे जाणार होता, आणि गेला तर जाऊ दे, पण फोल्डरच गेला तर धाकटीला पहिल्या टाक्यापासून सुरुवात करावी लागणार होती.

"आधी सांग," थोरली म्हणाली.

"ताई, मी काहीच केलं नाही."

थोरलीने फडका घेतला. धाकटी स्टुलावर ताठ बसून राहिली. तिलाही घरची म्हणून ही युक्ती ठाऊक होती. शेवटी फडकाच हरला. भाऊजी मध्येच म्हणाले, वहिनी, घरचंच माणूस आहे, करा ना सुरू. आणि थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा सांगणं न ऐकता हात लावला.

हे दुखणं तिच्या रोजच्या पाहण्यातलं. फोल्डर जुन्या कॉम्प्युटरवरच्या माणसाच्या मालकीचा असतो. नव्यावर तेच नाव, तोच चेहरा असला तरी फोल्डर ओळख देत नाही. मग मालकी नव्या नावावर करून द्यायची, की दार उघडतं. तिने मालकी बदलली. दार उघडलं. धाकटीने पदर सावरला आणि पुढे झुकली.

आत फायली होत्या, सगळ्या होत्या. पण त्यांची नावं काळी नव्हती, हिरवी होती. भाऊजींनी त्यातल्या एकीवर माउस दाबला. पुन्हा तेच: परवानगी नाही.

"हात काढा, भाऊजी," थोरली म्हणाली.

हिरव्या नावाचा अर्थ तिला माहीत होता. दाराला कुलूप असणं वेगळं, आणि घरातल्या भांड्याभांड्याला कुलूप असणं वेगळं. या फायली कुणीतरी मुद्दाम बंद केल्या होत्या. त्यांची किल्ली जुन्या कॉम्प्युटरच्या खात्यात होती. तिने जुन्या कॉम्प्युटरचा डबा मागवला. भाऊजी घरी जाऊन माळ्यावरून तो घेऊन आले. डिस्क परत जुन्या जागी बसली, डबा कुरकुरत जागा झाला, आणि त्याने पासवर्ड मागितला.

धाकटी म्हणाली, आठवत नाही. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्यांचे पुसून देता ना, माझाही पुसा."

हे खरं होतं. विसरलेला पासवर्ड पुसण्यात थोरलीचा हात धरणारं जवळपास कुणी नव्हतं. अर्धं गिऱ्हाईक त्याच कामाचं. तिने हात मांडीवर ठेवले.

"एरवी पुसला असता," ती म्हणाली. "पण तुझी किल्ली त्या पासवर्डमध्येच गुंतलेली आहे. तो पुसला तर खातं उघडेल, आणि नमुने कायमचे मिटतील. मग मी नाही, कुणीच नाही उघडू शकणार. आता सांग."

पलीकडच्या खिडकीत थोरलीच्या नवऱ्याची कानस थांबली. धाकटीने नवऱ्याला शेजारून गारढोण पाणी आणायला पिटाळलं. भाऊजी गेले. घड्याळजींना कुठे पाठवायचं हे मात्र तिला सुचलं नाही, आणि ते उठलेही नाहीत.

मग तिने सांगितलं. तिची पानांची किनार एकदा बाजारात दुसऱ्याच्या चादरीवर दिसली होती. त्याच्या आदल्या आठवड्यात कॉम्प्युटर या दुकानात दुरुस्तीला येऊन गेला होता. तिने दोन आणि दोन चार केले. घरी गेली आणि फोल्डरला कुलूप घातलं, नवऱ्यालाही न सांगता. पुढे कळलं की त्या माणसाने चादरच विकत घेऊन, समोर अंथरून, टाका न् टाका उतरवून घेतली होती.

"कळल्यावर तरी काढायचंस," थोरली म्हणाली.

"काढायची लाज वाटली. काढलं असतं तर घातलं होतं हे कबूल झालं असतं."

यावर थोरलीला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तर जिभेच्या टोकावर होतं. पण संध्याकाळ जवळ येत होती. तिने कळफलक धाकटीकडे सरकवला. "आठवतोय ना? घाल."

धाकटी हलली नाही. "तो तुमच्यासमोर घालता येणार नाही."

"का?"

"त्यात तुमचं नाव आहे." मग अगदी हळू, "आणि नावापुढे एक शब्द आहे."

घड्याळजींना ठसका लागला. त्यांनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. थोरलीने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"शब्द नीट लिही," ती भिंतीला म्हणाली. "जसा तेव्हा लिहिला होतास तसाच. आता मला बरं वाटावं म्हणून त्यात काही बदलू नकोस."

मागे कळा वाजल्या. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा वाजल्या, आणि डब्याने जुनी ओळख दिली. थोरली वळली. फोल्डर उघडला, फाईल उघडली. पडद्याचा नमुना, वेल न् वेल जागच्या जागी. तिने सगळ्यांचं कुलूप काढलं. हिरवी नावं एकेक करून काळी होत गेली, हिरवं शेत कापून खालची काळी माती उघडी पडावी तशी. धाकटीने डोळ्यांना पदर लावला नाही. नाक मात्र ओढलं.

भाऊजी पाणी घेऊन आले तेव्हा नमुने नव्या कॉम्प्युटरवर चढत होते. काय झालं होतं म्हणून त्यांनी विचारलं. थोरली म्हणाली, जुनं दुखणं होतं, निघालं.

ती दोघं निघताना थोरलीने धाकटीला विचारलं, नव्यावर पुन्हा कुलूप हवंय का. हवं असेल तर यात अपमान नाही; कष्टाचं धन आहे, झाकूनच ठेवावं. पण या वेळी किल्लीची प्रत काढून ठेवायची, आणि दोन ठिकाणी ठेवायची. एक घरी, एक बाहेर.

धाकटीला कुलूप हवं होतं. किल्लीचे दोन पेन ड्राइव्ह झाले. एक तिने पर्समध्ये टाकला. दुसरा हातात घेऊन ती उभी राहिली. थोरलीकडे बघितलं. मग चालत पलीकडच्या खिडकीशी गेली आणि तो घड्याळजींच्या पुढ्यात ठेवला. "दादा, हा तुमच्याकडे असू द्या."

थोरलीच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण टेबलावरची वायर तिने गरजेपेक्षा जास्त वेळ गुंडाळली.

ती दोघं गेल्यावर नवरा पेन ड्राइव्ह खणात ठेवत म्हणाला, "आपल्याच छपराखाली ठेवून गेली, हेही काही थोडं नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"काय शब्द असेल गं तो?"

"अहो, माझ्या पाठीला का डोळे आहेत?" ती म्हणाली. मग वायर खुंटीला अडकवताना म्हणाली, "लांबलचक होता. पुष्कळ वेळ वाजत होता."