पाठवणीचे दोन सूर: लातूर, कंधार, नांदेड

पुण्यात आम्हा सहा जणांचा एक कंपू आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही मंदारच्या घरी जमतो आणि कुणी फारसं न ऐकलेलं सॅक्सोफोन किंवा ट्रंपेटचं रेकॉर्डिंग लावतो. नियम एकच, नावाजलेलं काही आणायचं नाही. कुणी कलकत्त्याच्या हॉटेलात वाजवणाऱ्यांची तबकडी शोधून आणतो, कुणी गोव्याच्या वादकांची. मी लातूरची. अकरा वर्षं मी दुसऱ्यांनी आणलेलं ऐकत आले, कारण आमच्याकडून आणण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मागच्या दिवाळीत लातूरला गेले तेव्हा बाबांच्या कपाटात एक कॅसेट सापडली. बाबा प्राथमिक शिक्षक होते. भूकंपानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, किल्लारीकडच्या एका गावात पत्र्याच्या शेडांच्या वस्तीत, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचं लग्न झालं. मंगलाष्टकं बाबांनी म्हटली, आणि आपला आवाज टेप व्हावा या हौसेनं टू-इन-वन चालू ठेवला. बंद करायचं विसरले. त्यामुळे बाबांच्या बेसूर मंगलाष्टकांनंतर बरीच गडबड ऐकू येते, भांडी, हाका, आणि मग अचानक एक ट्रंपेट.

सिनेमातलं गाणं नाही, ठरलेली चाल नाही. ट्रंपेट एकच लांब सूर धरतो आणि तो हळूहळू खाली आणतो. मागून सॅक्सोफोन येतो आणि तोच सूर उचलून वर नेतो. ट्रंपेट पुन्हा खाली, सॅक्सोफोन पुन्हा वर. असं बराच वेळ चालतं. रविवारी मी ती कॅसेट लावली. मंदार सहसा बोलत असतो, तो उठून टेपपाशी जाऊन बसला. तीनदा मागे फिरवून ऐकली आणि म्हणाला, "वाजवणारे कोण?"

कॅसेटवर बाबांच्या अक्षरात फक्त 'कंधारची पार्टी', म्हणजे कंधारचा बँड, एवढंच लिहिलं होतं. मला नावं सांगता आली नाहीत, आणि त्याची फार लाज वाटली. पुढच्याच शनिवारी आम्ही दोघं निघालो.

मंदारची गाडी जुनी आहे आणि तिच्यात कॅसेट लागते, म्हणून तीच घेतली. पुण्याहून टेंभुर्णी, बार्शी, येडशी, मुरूड करत लातूर. पहाटे निघालात तर जेवायच्या वेळेला पोचता. बार्शीच्या पुढे रस्ता मधूनमधून खडबडीत आहे, तिथे घाई करू नका.

लातुरात आमच्या गल्लीत शिरताना मंदार वरच बघत होता. एकेका इमारतीवर क्लासचे फलक, फलकांवर डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींचे हसरे फोटो, आणि प्रत्येक फाटकावर 'रूम भाड्याने देणे आहे'. सुट्टीचा दिवस असूनही मुलं पाठीवर दप्तरं घेऊन लगबगीनं चालली होती. चहाच्या टपरीवर एक मुलगी दुसरीला विचारत होती, "ऑरगॅनिक किती झालं तुझं?" मंदारला वाटलं भाजीबद्दल बोलतायत.

बाबांना विचारलं. ते सहज म्हणाले, "सॅक्सोफोनवाले आप्पा ना? मागच्या गल्लीत राहतात. मेस चालवतात पोरांची."

मी इतकी वर्षं त्या गल्लीतून जात होते.

शिवलिंगआप्पा मूळचे उदगीरचे. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, अंगात बंडी. त्यांच्या मेसमध्ये आम्ही ज्वारीची भाकरी, पेंडपाला ही आमच्याकडची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी जेवलो. लातूरला गेलात तर हॉटेलपेक्षा अशा एखाद्या मेसमध्ये जेवा, स्वस्तही पडतं आणि भाकरी गरम मिळते. जेवणं झाल्यावर मी कॅसेटचं सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि आतून काळी पेटी आणली. सॅक्सोफोन लखलखीत होता.

"रोज पुसतो," ते म्हणाले. "वाजवत न्हाई. लग्नात डीजे आला, पार्टी बसली. घरी वाजवावं तर वर पंधरा पोरं अभ्यास करून राहिलेत. त्यांच्या आईबापानं काय काय करून पाठवलंय त्यान्ला. आपण कसं वाजवायचं?"

"आणि ट्रंपेट?" मंदारनं विचारलं.

"मेहबूब मास्तर. कंधारला हाय. माझ्याशी बोलत न्हाई नीट."

"का?"

"त्या लग्नापासून." एवढं बोलून ते उठले आणि सदरा घालायला गेले. "मी येतो तुमच्यासंग. पण कॅसेट त्याच्या म्होरंच लावा. आधी न्हाई."

रात्री आम्ही बाबांकडेच राहिलो आणि रविवारी सकाळी तिघं निघालो. लातूर, अहमदपूर, लोहा आणि तिथून वळून कंधार. मागच्या सीटवर आप्पा पेटी मांडीवर घेऊन बसले होते. ती डिकीत ठेवू द्यायला ते तयार झाले नाहीत. कंधारला जाणाऱ्यांनी किल्ला चुकवू नये. भोवती रुंद खंदक, आत कोरीव दगड आणि शांतता. बाहेर चहा चांगला मिळतो, जेवणाची सोय मात्र गावातच पाहावी लागते.

मेहबूब मास्तरांचं घर बाजाराजवळ, खाली शिलाईचं दुकान. सत्तरीचे, बारीक, पांढरी टोपी. आप्पांना पाहून ते मशीनवरून उठले नाहीत. "आलास?" एवढंच म्हणाले. पण आतल्या बाजूला तोंड करून चार कप चहा सांगितला.

कॅसेट ऐकायला सगळे गाडीत बसलो. मास्तर पुढे, आप्पा मागे. बाबांची मंगलाष्टकं ऐकून मास्तर गालात हसले. ट्रंपेट सुरू झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. सॅक्सोफोन आला तसं त्यांनी मागे वळून न बघता म्हटलं, "बघा, हितं घुसला हा."

"घुसलो न्हाई. सावरलं तुला," आप्पा म्हणाले.

मग हळूहळू सगळं कळलं. मुलीचं नाव सुमन. भूकंपात तिच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं. नवरदेव लोह्याकडचा, त्यांनी कंधारची पार्टी आणली होती. पण शेडातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, इथं वाजंत्री नको, घराघरात माणसं गेलीत. बाबांनी मध्ये पडून तोड काढली की फक्त पाठवणीला वाजवायचं.

"पाठवणीला पोरगी निघाली," मास्तर म्हणाले, "आन् कुणीच रडंना. आई न्हाई, मावशी न्हाई, बहीण न्हाई. नुसती उभी. मी म्हटलं, हिच्यासाठी रडायला कुणी न्हाई, तर बाजा रडंल. म्हणून मी तसं वाजवलं. आन् ह्यानं मधीच वर नेलं. मी रडतोय, हा हसवतोय."

"पोरगी लई रडली होती आधीच," आप्पा मागून म्हणाले. "आता नव्या घरी तरी हसत जाऊ दे म्हटलं. काय चुकलं माझं?"

या एका गोष्टीवरून दोघं त्या दिवसापासून भांडत होते. पार्टी चालली तोवर शेजारी उभं राहून वाजवलं, पण मनातलं गेलं नाही.

मंदार म्हणाला, "मास्तर, याला जॅझ म्हणतात."

"ते काय असतंय?"

"ठरलेली चाल सोडायची. एकानं मनाचं बोलायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं."

"आमच्यात त्याला भांडण म्हणतात," मास्तर म्हणाले.

"शिकलात कुठे? कुणाच्या रेकॉर्ड ऐकून?"

"रेकॉर्ड कुठली. वडलांच्या मागं उभं राहून शिकलो. हा हैदराबादला एका म्हाताऱ्या बँडमास्तराकडं शिकला, म्हणून जरा अक्कड हाय त्याच्यात."

आप्पांना ते आवडल्याचं दिसत होतं.

मास्तरांचे पुढचे दात गेलेत, कवळी आहे. ट्रंपेटला ओठांमागे दातांचा आधार लागतो. तरी आम्ही किल्ल्याच्या खंदकाकाठी गेलो आणि त्यांनी वाद्य ओठाला लावलं. वरचे सूर येईनात. दोनदा हवा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी खालचाच एक सूर धरला, जाड आणि थोडा खरखरीत. आप्पा बराच वेळ थांबले. मग त्यांनी सॅक्सोफोन त्या सुराच्याही खाली नेला, आणि तिथेच ठेवला. मास्तरांना वर जायची गरजच उरली नाही. मंदार वही काढून बसला होता, त्यानं एक ओळही लिहिली नाही. मला त्या क्षणी आपल्या गावांचा, आपल्या माणसांचा इतका अभिमान वाटला की कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं. आसपास दोन शेळ्या होत्या आणि त्यांना राखणारी एक बाई. ती बाई मात्र बसून ऐकत होती.

परत गाडीकडे येताना मास्तर म्हणाले, "पोरीलाच विचारू एकदा. ती नांदेडला एसटीत कंडक्टर हाय. तुझ्या वडलांकडं नंबर असंल."

बाबांकडे होता. सोमवारी सकाळी कंधारहून निघून आम्ही चौघं नांदेडच्या बसस्थानकावर उभे होतो. (रात्री आप्पा मास्तरांकडे झोपले, आम्ही जवळच्या लॉजवर. खोली साधी पण स्वच्छ होती.) हिमायतनगरहून भोकरमार्गे येणारी गाडी लागली आणि खाकी गणवेशातली, खांद्याला तिकिटांचं यंत्र लावलेली एक बाई उतरली. चाळिशीच्या पुढची, ताठ चालीची. बाबांचं नाव सांगताच तिनं माझे दोन्ही हात धरले. "गुरुजींची लेक," म्हणाली.

तिला अर्धा तास होता. काचा वर करून मंदारच्या गाडीत बसलो. मास्तरांनी आधीच विचारून टाकलं, "बाई, त्या दिशी तुला रडू आलं का हसू? खरं सांग. आम्ही दोघं म्हातारे झालो."

सुमनताईंनी थोडा विचार केला. "खरं सांगू का चाचा? मला काहीच ऐकू आलं न्हाई. कोण वाजवून राहिलंय, कोण बोलून राहिलंय, काही न्हाई. माझे कान बंद झाल्यावाणी होते. बाजा होता हेबी मला मागाहून कळलं."

मी कॅसेट लावली.

त्या समोरच्या काचेतून फलाटावरच्या गर्दीकडे बघत ऐकत होत्या. ट्रंपेट खाली आला तेव्हा त्यांचा चेहरा हलला नाही. सॅक्सोफोन आला, दोघांची ओढाताण सुरू झाली, तेव्हा त्यांनी रुमाल तोंडाला लावला. गणवेशावरचा बिल्ला हलत होता. शेवटी टेप संपली आणि नुसती खरखर उरली तरी कुणी हात लावला नाही.

"आता आलं ऐकू," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून मास्तरांकडे आणि आप्पांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही दोघं माझ्यावरून भांडत होता? एवढी वर्षं? मला वाटत होतं माझ्याकडून त्या दिशी कुणीच नव्हतं."

त्यांची बस लागली. उतरल्यावर त्या वाकून दोघांच्या पाया पडल्या. मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. बस वळून बाहेर पडेपर्यंत दोघं म्हातारे शेजारी उभे होते आणि मग आप्पा म्हणाले, "चल, मेसला यायचं तर ये. भाकरी खाऊन जा." मास्तर आमच्यासोबत लातूरला आले. ते आठवडाभर राहिले, असं बाबांनी नंतर फोनवर सांगितलं. दुपारी पोरं क्लासला गेली की गच्चीवर दोघं वाजवायचे.

पुण्याला परतून आता दीड महिना झाला. प्रवासाचा खर्च पेट्रोल सोडलं तर नाममात्र. किल्ला, भाकरी, चहा, सगळं लक्षात आहे. पण मला बदल जाणवतो तो दुसऱ्याच ठिकाणी. लातूर म्हटलं की समोरचा माणूस दोनच गोष्टी विचारतो, भूकंप किंवा क्लासेस. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीत आमची माणसं आहेत, तरी मी नेहमी थोडक्यात उत्तर देऊन विषय बदलत असे. परवा ऑफिसात नव्यानं आलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही लातूरच्या ना? म्हणजे क्लासेसवालं?"

मी म्हटलं, "हो. मेहबूब मास्तर आणि शिवलिंगआप्पांचं लातूर." तिला काही कळलं नाही. मी हातातलं काम बाजूला ठेवलं, कॅसेटवरून फोनमध्ये उतरवून घेतलेलं रेकॉर्डिंग लावलं आणि हेडफोन तिच्या हातात दिले.