दुसऱ्यांच्या खुर्चीत बसणारे दादा

डीबगर, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक पकडायचं हत्यार, जोडून देण्यात आमच्या दादांचा हात धरणारा माणूस अख्ख्या पुण्यात नव्हता, आणि एवढा गुणी माणूस आमच्या ऑफिसनं ज्या थंडपणे घालवला, त्यालाही तोड नाही. दादा वाघोलीचे, टीममध्ये सर्वांत जुने. नवीन कुणी आलं की नावगाव विचारायच्या आधी ते त्याला खुर्चीवरून उठवायचे, स्वतः बसायचे आणि कोड लिहायच्या एडिटरमध्ये डीबगरची फाइल आपल्या हातानं लिहून द्यायचे: वेबसाइट कुठल्या पोर्टवर चालते, कोड कुठल्या फोल्डरात आहे, सगळं. मग हव्या त्या ओळीपुढे लाल ठिपका ठेवला की प्रोग्रॅम नेमका तिथं थांबलाच पाहिजे आणि आत काय चाललंय ते दिसलंच पाहिजे. "थांबला की खोटं बोलत नाय त्यो," दादा म्हणायचे.

मी मात्र अतिशहाणा. शेजारच्या मुलीची फाइल उचलून माझ्याकडे चिकटवली, आणि ठिपका काही लाल होईना, प्रोग्रॅम काही थांबेना. दोन दिवस डोकं आपटलं. फाइलीत फोल्डरचा पत्ता तिच्या मशीनचा होता. "दुसऱ्याचा चष्मा लावून वाचाय बसलाय," दादा म्हणाले, "आन् वर पुस्तकाला नावं ठिवतोय." सगळी टीम हसली. मी चडफडलो, पण फाइल लिहायला शिकलो.

पुढे दादांची खोडच त्यांना भोवली. चूक ज्याची, त्याच्याच मशीनवर ती शोधायची आणि तिथंच दुरुस्त करायची, हा त्यांचा खाक्या. त्यामुळे कामावर नाव लागायचं मशीनच्या मालकाचं. एका गिऱ्हाइकाची ऑर्डर दोन-दोनदा जात होती. दादांनी माझ्या खुर्चीत बसून, अख्खी दुपार ओळ-ओळ थांबवत ती चूक पकडली. शाबासकी मला मिळाली आणि मी ती निमूट घेतली.

मग माणसं कमी करायची ठरली. मीटिंगमध्ये मॅनेजरनं पडद्यावर यादी लावली आणि दादांच्या नावावर बोट ठेवलं. "ह्यांच्या नावावर सहा महिन्यांत काहीच दिसत नाही. दिवसभर लोकांच्या खुर्च्या उबवतात." मला सगळं ठाऊक होतं. पण माझं कायम होणं त्याच शाबासकीवर अडलं होतं, म्हणून मी मिठाची गुळणी धरून बसलो. लाज वाटते सांगायला.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करून दादा माझ्याकडे आले. चिडलेले नव्हते, तेच सहन होईना.

"मीटिंगला तू हाय म्हणल्यावर मी निवांत होतो बघ," ते म्हणाले. "घरीबी सांगितलं, काळजी नाय, आपला माणूस हाय आत."

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं. ते लिफ्टनं खाली गेले. मी कायम झालो त्याला आता वर्ष होईल. एकदा त्यांच्या घरी जाऊन यावं असं दर रविवारी वाटतं, आणि वाघोलीचा रस्ता काही माझ्यानं धरवत नाही.