बांधाकडची मूठ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. गप्प बसायचाही आता कंटाळा आलाय, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. मी भिवंडीत कापडाच्या लूमवर होतो. बारा तासांची ड्युटी, आठवड्याला शिफ्ट बदलायची आणि कानात सतत ती खडखड — घरी बायको काय बोलते ते तिच्या ओठांकडे बघून कळायचं. वर्षातून एकदाच काय ते लूम सलग बंद राहायचे, दिवाळीला. आणि नेमकी तीच सुट्टी दरवर्षी काकीच्या शेतात जायची. का, तर खाडीकडचं भात तेव्हाच कापायला येतं. पोटरीभर चिखल, खारं पाणी, हाताला पडलेल्या चिरा. वैताग यायचा हो. माणसानं झोपायचं तरी कधी?

काकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको, अंजूरला राहायची. आई लवकर गेली, मला वाढवलं ते हिनंच. चुलता गेल्यावर तिच्याजवळ उरलं ते हे एक शेत. खाडीला लागून, मधे नुसता मातीचा बांध. भरतीचं पाणी आत शिरलं की पीक गेलं, म्हणून काकी वर्षभर तो बांध लिंपत बसायची. भात होतं तांबडं, तिच्या सासूपासून चालत आलेलं. दुसरं बियाणं त्या मातीत धरायचंच नाही. त्यामुळे दरवर्षीच्या पिकातलं थोडं ती कणगीत ठेवायची आणि जूनमध्ये तेच पेरायची. एक वर्ष कापणी चुकली की बी गेलं आणि बी गेलं की शेत गेलं. हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. चांगलं माहीत होतं.

त्या वर्षी पाऊस लवकर आटपला. भात बुटकं राहिलं, लोंब्या हलक्या. कापायचं, की गुरं सोडायची?

आमच्याकडे याची एक रीत होती. शेताच्या मधोमध जायचं, मूठभर लोंब्या आणायच्या, दाणे चोळून पाण्यात टाकायचे. भरलेला दाणा तळाला जातो, पोचट वर तरंगतो. निम्म्याहून जास्त तरंगला तर कापायचं नाही, शेत गुरांना द्यायचं. आणि एकदा गुरांनी तोंड लावलं, की त्या शेतातली एक काडीसुद्धा खळ्यावर आणायची नाही.

काकी स्वतःच गेली असती. पण बांध लिंपताना चिखलातल्या कालवाच्या धारदार शिंपल्यानं तिचा पाय चिरला होता, टम्म सुजला होता. म्हणून मला पाठवलं. म्हणाली, "पार मधली आन रं बाला. बांधाकडची नको. ती पट्टी दरसाल पोचटच असती."

मी निघालो. मधे जायचं म्हणजे पुन्हा तो चिखल. आणि मधलं भरलेलं निघालं तर? पुढचे चार दिवस विळा घेऊन वाकायचं, मग लगेच लूमवर उभं राहायचं. डोकं सणकलं माझं. च्यायला, सगळं माझ्याच वाट्याला का?

बांधावर उभा राहिलो आणि तिथूनच हात घालून मूठ भरली.

घमेल्यात सगळं तरंगलं. काकी बराच वेळ बघत बसली. बोटानं दाणे खाली दाबायची, ते परत वर यायचे. "मधलीच ना रं?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं घमेलं उचलून अंगणात रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी इस्माईलचाचा म्हशी घेऊन आले. शेजारचेच ते. म्हशी बांधावरून उतरत असतानाच मधे जाऊन त्यांनी एक लोंबी हातावर चोळली आणि मला हाक मारली. "मधी दाना हाय रं पोरा. काकीला परत एकदा इचार."

तेव्हा पाच-सहाच म्हशी आत गेल्या होत्या, अजून तोंड लावलं नव्हतं. हाकलता आल्या असत्या. काकीसमोर मान खाली घालावी लागली असती, बस. मी म्हणालो, "काकीनं बघितलंय."

खोटं सांगत नाही, पीक काही भरघोस नव्हतं. निम्मंच होतं. पण कणगीपुरतं होतं. काकीला वर्षभर पेज मिळाली असती, एवढंही होतं.

ती दिवाळी मी झोपून काढली.

मला वाटलं होतं ती पावसाला बोल लावेल, नशिबाला लावेल. तिनं स्वतःलाच लावला. "माजाच बांध कुटं तरी ऱ्हायला. खारं पानी मधपावत गेलं." पाय बरा झाल्यावर ती काठी घेऊन बांधावर जायला लागली. वाकून खेकड्याची बिळं बघायची, काठी खुपसायची, पाणी शिरलं कुठून ते शोधायची. जून आला, पेरायला बी नव्हतं. तरी शोधायची. सुट्टीला गेलो की मीही मागोमाग चिखलाचं घमेलं घेऊन चालायचो. ती दाखवेल तिथे लिंपायचो. सांगायचं कितीदा तोंडावर आलं? दरवेळी आलं. दरवेळी गिळलं.

शेत पडीक राहिलं. आजारी पडली तेव्हाही उशाशी बसलेल्या बायकांना सांगायची, पोराचा काय दोष न्हाय, मीच बांधाकडं नीट बघितलं न्हाय. मी तिथेच बसलेला असायचो. नव्वदनंतर सगळीकडे भराव पडला, तिच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं. बांध त्याखाली गेला. काकी त्याआधीच गेली होती.

बांधाला भोक नव्हतं. तिनं तो नीट लिंपला होता.