कुमसाराच्या कपाटात एमिलिया

देवाने एमिलियाला जीभ दिली तेव्हा सोबत कुलूप द्यायचं राहून गेलं असावं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. ठाण्यात कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाच्या सुनेचं बिनसलं, हे तिला कळलं की रिक्षा स्टेशनला पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची.

आणि अशी बाई उभा जन्म स्वयंपाकीण कुठे, तर कॉन्व्हेंटात! तिथल्या सिस्टर मौन पाळणाऱ्या. पण मीठ मागायला म्हणून एखादी स्वयंपाकघरात शिरली, की अर्धा तास बाहेर यायची नाही. मौन सिस्टरांचंच, ते मोडत नव्हतं. एमिलिया दोघींचं बोलायची.

पुढे सिस्टर थकल्या, कमी झाल्या आणि वसईच्या मोठ्या मठात गेल्या. ती वास्तू एका विज्ञानसंस्थेने परिषदा भरवायला घेतली. प्रार्थनेच्या चॅपलचं सभागृह झालं, वेदी होती तिथे पांढरा पडदा आला. स्वयंपाकघराबरोबर एमिलियाही नव्या मालकांकडे आली. पहिल्याच दिवशी चहा घेऊन आत गेली आणि सवयीने पडद्यासमोर गुडघा टेकून छातीवर क्रूसाची खूण केली. पडद्यावर समीकरण होतं. बोलणाऱ्या शास्त्रज्ञाला वाटलं आपल्यालाच वंदन केलं. त्यानेही वाकून नमस्कार केला.

चॅपलमधलं एकच लाकूडकाम राहिलं होतं: कुमसाराचं, म्हणजे पापं कबूल करायचं, सागवानी कपाट. मधे जाळी, एका बाजूला फादरची खुर्ची, दुसऱ्या बाजूला पापी माणसाची जागा. आत गडबड ऐकू येत नाही म्हणून शास्त्रज्ञ पापी माणसाच्या जागी बसून फोन करायचे. फादरच्या बाजूला पडदा होता आणि खुर्चीला गादी. सिस्टर असताना त्या खुर्चीकडे बघायचीही एमिलियाची छाती नव्हती. आता चहा आणि जेवण यांच्या मधल्या वेळात ती तिथे पाय सैल सोडून लसूण सोलत बसायची. पलीकडचे फोन तमिळमध्ये, बंगालीत. तिला पाप कळायचं नाही, नुसता पश्चात्ताप कळायचा.

एक दिवस मात्र पलीकडे मराठी आलं. संस्थेचा मॅनेजर संदेश, कोपरला राहणारा, बायकोशी बोलत होता.

“अगं संचिता, साहेबांकडे गेलेलो. मार्चपासून किचन केटररला द्यायचं म्हणतायत. हो, मावशीलाच काढायचं! आणि सांगायचं मी. रोज तिच्या हातचं गिळतो नि रोज उद्यावर ढकलतो. माझी हिंमतच होत नाही गं.”

एमिलियाच्या हातातली लसणीची पाकळी हातातच राहिली.

दुसरीकडे कुठे ऐकलं असतं, तर दुपारपर्यंत अख्खं ठाणं दारात उभं केलं असतं तिने. पण इथे? मधे जाळी, पलीकडे चूक कबूल करणारा माणूस आणि आपण फादरच्या खुर्चीत! या कपाटात ऐकलेलं मरेपर्यंत पोटात ठेवायचं असतं, हे ती लहानपणी धर्मशिक्षणात शिकली होती. पोटावर पाय येत होता, आणि ओरडायची सोय नव्हती.

एमिलिया गप्प झाली. भांडी घासणारी मालन घाबरली. “मावशी, दाढ दुखते काय गं?” एमिलियाने मान हलवली. जेवताना एका शास्त्रज्ञाने विचारलं, “किचनमधला रेडिओ बिघडला का?”

रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर तिने फादर लिओनेलना गाठलं. “फादर, एक विचारायचं होतं. नाव नाही घेत कोणाचं.”

“तू, आणि नाव घेत नाहीस? तब्येत बरी आहे ना, एमिलिया?”

तिने सगळं सांगितलं, नाव वगळून. फादरनी हसू दाबलं. “बाई, ते कुमसार नव्हे, टेलिफोन होता. तुझ्यावर कसलं बंधन नाही.”

“मग सांगू सगळ्यांना?”

“थांब. चोरून ऐकणं ही चूकच. आधी त्या माणसाला सांग, मी ऐकलं म्हणून.”

सोमवारी संदेश फोन घेऊन कपाटात शिरला. नंबर लावायच्या आत जाळीतून आवाज आला, “बोल पोरा, मी इथंच आहे.”

संदेशचा फोन खाली पडला. “मावशी! तू आत काय करतेस?”

“लसूण सोलते. त्या दिवशीही सोलतच होते.”

संदेशने वाकून फोन उचलला.

“म्हणजे... ऐकलंस?”

“ऐकलं. ती चूक माझी. आता तुझं काय ते बाहेर येऊन तोंडावर सांग. पुरुषासारखा पुरुष, आणि कपाटात शिरून बायकोला सांगतोस?”

संदेश बाहेर आला आणि चपलांकडे बघत त्याने सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी त्याच्याच आलं. एमिलियाने पदराचं टोक पुढे केलं.

“पूस. आता हे मला तू सांगितलंस ना? समोरासमोर?”

“हो मावशी.”

“मग झालं,” म्हणाली आणि चपला पायात सरकवून फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांकडे गेली.

जेवणाच्या रांगेत कुजबुज पोचायला वेळ लागला नाही. दरवर्षी येणारे म्हातारे महिपत सर ताट घेऊन थेट मोठ्या साहेबांसमोर उभे राहिले. “काय हो, पुढच्या वर्षी ही कोलंबी नाही म्हणे?” साहेबांनी एमिलियाच्या घरी कुटून बाटलीत भरलेल्या मसाल्यातली तीच कोलंबी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती. तोंडात घास, समोर रांग, मागे एमिलिया पळी घेऊन. “अजून... काही ठरलेलं नाही,” साहेब कसेबसे बोलले.

संध्याकाळी संदेशला कोपरहून आईचा फोन. “अरे, बाईमाणसाच्या पोटावर पाय देतोस? हे शिकवलं मी तुला?” तिला कोणी कळवलं, हे त्याने विचारलंही नाही.

मार्चमध्ये केटरर आलाच. पण त्याच्या वाट्याला चहा-बिस्किटं आली, जेवण एमिलियाकडेच राहिलं. त्याच्या चहाबद्दल तिचं मत काय, ते ठाण्यात कोणालाही विचारा.