बाकावर बसेल तो विद्यार्थी

परवा भाचीकडे जेवायला गेले, तर ताट वाढायच्या आधीच तिचं सुरू झालं, "मावशी, ते परीक्षकांचं सांग ना!" आता ते एकदम कसं सांगणार? शिक्षक तयार करायच्या कॉलेजात नोकरी केली की किस्से उतरंडीसारखे रचले जातात. वरची मडकी उतरवल्याशिवाय तळाचं हाती लागत नाही. तेव्हा आधी वरची घ्या.

आमचं कॉलेज हैदराबादच्या नारायणगुड्यात. एरवी नेहमीचं बी.एड. चालायचं आणि रविवारी, सुट्ट्यांत आणखी एक कोर्स असायचा. जे आधीच कुठेतरी शिकवताहेत, किंवा दुसरी नोकरी सोडून शिकवू बघताहेत, पण हातात सर्टिफिकेट नाही, अशांसाठी. तो काळ नव्वदीचा. शहरात गल्लोगल्ली इंग्लिश मीडियमच्या शाळा निघत होत्या आणि ट्रेनिंगचा नियमही कडक होत चालला होता. मग काय, आमच्याकडे ही गर्दी! मी आणि मूर्ती सर मिळून तो कोर्स बघायचो. उमेदवाराने शेजारच्या शाळेत, सुट्टीतही खास बोलावलेल्या पोरांवर सराव पाठ घ्यायचा आणि आम्ही शेवटच्या बाकावर बसून चुका टिपायच्या. दुसऱ्याच्या चुका टिपायचा पगार मिळतो, यासारखं सुख नाही!

* * *

एक कुलकर्णी होते. सरकारी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्याच पाठात त्यांनी अख्ख्या तासाचा मजकूर पंधरा मिनिटांत संपवला आणि हात झटकून उभे राहिले. पोरं त्यांच्याकडे बघताहेत, ते पोरांकडे.

बाहेर आल्यावर मूर्ती सर आपल्या तेलुगू ढंगात म्हणाले, "अय्यो कुलकर्णीगारू, हे काय?"

"सर, कारखान्यात माल वेळेआधी दिला की शाबासकी मिळायची!"

"माल तुम्ही दिला हो. पण घेतला का कुणी?"

कुलकर्णी बिचारे खरंच विचारात पडले. पुढच्या पाठाला त्यांनी सुरुवातच केली, "मुलांनो, आज मी हळू जाणार आहे. मागे राहील त्याने हात वर करावा." सगळ्या वर्गाने हात वर केला आणि तिथून त्यांचं छान जमलं.

* * *

तेव्हा अमीरपेटच्या कॉम्प्युटर क्लासांनी आमची निम्मी पोरं पळवली. हजेरी घेणं म्हणजे शिक्षा झाली होती. मूर्ती सरांनी नाव पुकारलं की मागून आवाज यायचा, "सर, वो जावा सीख रे." पुढचं नाव. "सर, वो अमेरिका गए." पुढचं. "सर, इनों भी जा रे."

एक दिवस त्यातलाच एकजण खाली मान घालून परत आला. "सर, व्हिसा नहीं मिला. अब टीचर बनना है."

मला वाटलं, सर आता त्याला सोलून काढणार. सर शांतपणे म्हणाले, "बस बाबा. आम्ही तर व्हिसा न मागताच झालो!"

पोरगा हसला आणि राहिला. अजून शिकवतोय.

* * *

ज्या वर्गावर आमचे सगळे सराव पाठ व्हायचे तो म्हणजे सहावी ब. त्या पोरांनी इतके होतकरू शिक्षक पाहिले होते, की आम्हाला रजा देऊन परीक्षा त्यांनीच घेतली असती तरी चाललं असतं. उमेदवार तक्ता टांगायला विसरला की पोरंच भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायला लागायची!

त्या वर्गात पद्मा नावाची हुशार मुलगी होती. कुठलंही गणित सांगा, हिचं उत्तर तयार. पण एका घाबरट उमेदवार मुलीच्या पाठाला पद्माने उठून चक्क चुकीचं उत्तर दिलं. त्या मुलीने ते फळ्यावर व्यवस्थित समजावून सांगितलं, तिला हुरूप आला, पाठ उत्तम झाला.

तास संपल्यावर मी पद्माला गाठलं. "तुझेकू तो आता था ना?"

"हौ मॅडम. पर सब सही बोले तो मिस समझाते किसकू? मिसकू मार्कां कैसे मिलते?"

त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं, हे खरं.

* * *

आता सुलताना आपा. अफझलगंजजवळच्या एका लहान शाळेत त्या कित्येक वर्षं गणित शिकवत होत्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. शाळेने निक्षून सांगितलं होतं, या वर्षी पास झालात तर नोकरी, नाहीतर खुदा हाफिज.

आमच्याकडचा त्यांचा पहिला पाठ म्हणजे काय सांगू! फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि आवाजच फुटेना. दुसऱ्या पाठाला तेच. खडू हातात, ओठ हलताहेत, ऐकू काही येत नाही. मूर्ती सर मला म्हणाले, "मॅडम, या इतकी वर्षं करत काय होत्या?"

ते बघायला मीच एकदा न सांगता त्यांच्या शाळेत गेले. व्हरांड्यातूनच खणखणीत आवाज आला. आपा एक बिस्किट हातात धरून अपूर्णांक शिकवत होत्या. "आधा मैं खाई, आधे का आधा मुन्नी खाई, अब अम्मीजानकू कित्ता बचा?" सगळा वर्ग ओरडला, "पाव!" इतका जिवंत तास मी आमच्या कॉलेजात पाहिला नव्हता. मी आनंदाने दारातून आत पाऊल टाकलं आणि आवाज बंद! बिस्किट हातातच राहिलं.

मधल्या सुट्टीत डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मॅडम, क्या करूँ? बच्चे बोर्डकू देखते. आप लोगां मेरेकू देखते."

हे मी मूर्ती सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तर मग आपण बघणं बंद करू."

दुसऱ्या रविवारपासून आमचा नवा नियम सुरू झाला. आपा शिकवणार आणि आम्ही दोघं पोरांच्यात बसून वहीत गणितं सोडवणार. सरांनी आपांना बजावलं, "अम्मा, बाकावर बसेल तो विद्यार्थी. कोण, काय, बघायचं नाही!" सुरुवातीला त्या आमच्याकडे बघायच्याच नाहीत. मग एकदा माझ्या वहीत डोकावून म्हणाल्या, "मॅडम, हासिल का एक किधर गया?" मी हातचा धरायला विसरले होते! आणखी काही दिवसांनी मूर्ती सरांना, "खिडकी के बाहर क्या है? इधर देखो!" पन्नाशीचे सर दचकून सरळ बसले. आम्हाला कोण आनंद झाला म्हणता!

* * *

मग शेवटची परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक म्हणजे जमदग्नी. ते वर्गात शिरले की पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटायचं. सकाळपासून त्यांनी दोघांना रडवलं होतं. मूर्ती सर धीर होईना म्हणून बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. शेवटच्या बाकावर परीक्षक आणि त्यांच्या शेजारी मी, कारण मार्कांखाली दोघांची सही लागायची. समोर सहावी ब, फळ्यापाशी आपा.

सुरुवातीला आवाज कापला. मग आपांनी पर्समधून बिस्किट काढलं आणि गाडी रुळावर आली. पोरं रंगली. मी सुस्कारा सोडला, तेवढ्यात परीक्षक माझ्याकडे झुकून कुजबुजले, "मॅडम, संध्याकाळची गाडी नामपल्ली स्टेशनवरूनच सुटते ना?" मी म्हटलं, "हो, पण रिक्षाला वेळ लागेल."

फळ्याकडे तोंड करून लिहिणाऱ्या आपा गर्रकन वळल्या.

"पिछली बेंच! क्या बातां चल रे? खड़े हो जाओ, दोनों के दोनों!"

मी सवयीने ताडकन उभी राहिले. गेली, बाईची नोकरी गेली! परीक्षकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूहळू तेही उभे राहिले.

"आप बोलो. पौन में से आधा निकाले, कित्ता बचा?"

परीक्षक आढ्याकडे बघत बोटं मोजायला लागले. आमच्या पुढच्याच बाकावरच्या पद्माने मान वळवली, तोंडावर आडवा हात धरला आणि कळवळून पुटपुटली, "पाव बोलो, सर, पाव!"

"पाव," परीक्षक म्हणाले.

"शाबाश. अब ध्यान दो," असं म्हणून आपा फळ्याकडे वळल्या आणि तास पुढे चालू झाला, तो घंटेपर्यंत.

घंटा झाली. परीक्षकांनी वाकून, उभ्यानेच मार्क लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. इतका मोठा आकडा दिवसभरात त्यांनी कुणालाच दिला नव्हता. मी पटकन सही केली. आपा फळा पुसत होत्या.

परीक्षकांनी हात वर केला.

"मिस, अब बैठूँ?"