शेखसरांचं रॉकेट आणि आमचा चहा

एका किटलीभोवती चार मास्तर बसले की किस्से साचतातच, कपातल्या गाळासारखे! साठच्या दशकाच्या सुरुवातीला दौंडच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायचो, तेव्हाचे हे. ती मंडळी आता पांगली, काही तर गेलीच. चहा आजही दोन वेळा होतो. पण समोर कुणी नसलं की प्यायल्यासारखं वाटत नाही.

आमचे शेखसर विज्ञानाचे. पेपरात रशिया-अमेरिकेच्या क्षेपणास्त्रांची बातमी आली, की ते हातातला कप तसाच ठेवून समजवायला लागायचे.

*

एकदा त्यांनी अख्खा वर्ग मैदानावर नेला. हातात गोफण!

"बॅलिस्टिक मिसाईल म्हणजे हेच. जोर सगळा सुरुवातीला. इंजिन काही मिनिटंच जळतं, वेग आणि दिशा देतं, मग बंद! पुढं तो नुसता फेकलेला धोंडा."

आणि सोडला की धोंडा! तो थेट हेडमास्तरांच्या कौलावर. हेडमास्तर धावत बाहेर. "शेख, हे काय?"

"सर, एकदा सुटलं की परत बोलावता येत नाही, हा मुद्दा राहिला होता. तोही झाला!"

*

कोकरे पीटीचे मास्तर, मांडवगण फराट्याचे. त्यांना एकच शंका. "इंजिन बंद पडल्यावर पुढं कसं जातंय? पेट्रोल संपलं की माझी फटफटी जागच्या जागी थांबती!"

"तिला रस्ता अडवतो, हवा अडवते. तिकडं इतक्या उंचावर हवाच नसल्यागत. कमानीसारखं वर जायचं, आणि पृथ्वी ओढते म्हणून खाली यायचं."

कोकरे विचारात पडले. "म्हंजी वरचा रस्ता आपल्यापेक्षा चांगला हाय!"

*

कोकऱ्यांनीच एकदा विचारलं, "आन् त्या मिसाईलच्या टोकाला काय ठेवत्यात?"

"बाँब. उतरताना हवेशी घासून टोक लालबुंद होतं, म्हणून त्यावर जाड कवच."

"एवढं डोकं लावून शेवटी बाँबच?"

त्या दिवशी किटली तशीच गार झाली.

*

ईदला शेखसरांच्या घरी शीरखुर्मा ठरलेला. त्यांचा धाकटा भाऊ युसूफ फाळणीनंतर कराचीला गेला, तो तिकडंच राहिला. त्यांच्या अम्मींनी त्याला पुन्हा पाहिलं नव्हतं.

एका ईदला सर आम्हाला क्षेपणास्त्राचा पल्ला समजावत होते. "इथून सोडलं तर चहा उकळून कपात येईस्तोवर कराची!"

अम्मी उंबऱ्यात येऊन थांबल्या. "व्हय रं? इतक्यात पोचतंय?"

"हो अम्मी."

"आन् तिकडनं हिकडं?"

"तेवढ्याच वेळात."

अम्मींनी पदरानं हात पुसले.

"मग युसूफला सांग की, त्यातनंच येऊन जा म्हणावं. जेवायला थांबू नगं. दारात उभा ऱ्हा, तोंड दाखव, आन् जा."