गुरुवारच्या मॅडम

मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या व्याख्यानांची नावं बदलायचा अधिकार मॅडमना कोणी दिला होता, हे आमच्या विभागात कोणालाच ठाऊक नव्हतं. आमचा विभाग मेंदूविज्ञानाचा, ठाण्यातल्या एका विद्यापीठातला. दर गुरुवारी दुपारी बाहेरचा कोणीतरी पाहुणा येऊन बोलायचा. त्याच्याकडून इंग्रजीत असं लांबलचक शीर्षक यायचं की वाचतानाच धाप लागावी. मॅडम ते एकदा वाचायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहायच्या: 'भूल दिल्यावर माणूस जातो कुठे?' खाली पाहुण्याचं नाव, वेळ आणि 'सर्वांना प्रवेश. चहा आहे.'

एकदा बंगलोरहून आलेले एक प्राध्यापक फळा वाचून चिडले. "हा माझा विषय नाही," म्हणाले.

"तुमचाच आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त घरच्या कपड्यात आहे."

आम्ही विद्यार्थी त्यांना 'गुरुवारच्या मॅडम' म्हणायचो. पुढच्या सहा महिन्यांचा कार्यक्रम ठरवायच्या बैठकीत त्यांचा एकच आग्रह असायचा. फळा वाचून रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला पाहिजे. नाही थांबला, तर विषय पाहुण्याला समजलेला नाही, असं त्या धरून चालायच्या. रिक्षावाला कधी थांबलेला मी पाहिला नाही. पण 'कापलेला पाय दुखतो कसा?' असं लिहिलं होतं त्या गुरुवारी वर्तकनगरचे एक दुकानदार कुबड्या घेऊन आले. साखरेमुळे त्यांचा पाय गुडघ्याखालून काढलेला. पूर्ण तास ऐकून घेतलं आणि शेवटी हात वर करून विचारलं, "बाई, मला नसलेल्या अंगठ्याला खाज येते. खाजवू कुठे?" सभागृह हसलं. ते हसले नाहीत, तसं सभागृह गप्प झालं. पाहुणे बाई व्यासपीठावरून उतरल्या, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि चहा थंड होईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिल्या. मॅडम दाराशी उभ्या राहून ते बघत होत्या. त्या दिवशी त्या माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत.

एरवी ओरडायच्या. मराठी शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. पण दुपारी आईचा फोन आला की ते सगळं गळून पडायचं, 'गेला'चं 'जेला' व्हायचं. "मी जेवलंय गो आय, तू गोली घेतलीस का?" असं कानावर आलं की समजायचं, पलीकडे आई आहे. मॅडमचं माहेर ठाकुर्लीजवळचं, जुनं आगरी घर. आजोबांनी भात लावलेल्या जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या आणि त्यातल्याच एकीच्या तळमजल्यावर आई, धाकटा भाऊ आणि वहिनी राहायचे. भावाला सगळं गाव भाई म्हणायचं, म्हणून मॅडमही भाईच म्हणायच्या. मुलगी डॉक्टर आहे हे आईने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे मॅडम माहेरी गेल्या की दोन-तीन म्हाताऱ्या गुडघे दाखवायला येऊन बसायच्या. "अगं आय, मी तसली डॉक्टर नाय," असं त्या दर वेळी सांगायच्या आणि आई दर वेळी म्हणायची, "डोक्याची हायस ना? मग गुडघा काय, खालीच हाय."

गुरुवारच्या व्याख्यानांपेक्षा त्यांचा जीव एका कार्यशाळेत जास्त होता. अतिदक्षता विभागातल्या परिचारिका, समुपदेशक आणि तरुण डॉक्टर यांच्यासाठी ती वर्षातून दोनदा व्हायची. विषय: मेंदू मृत झाला आहे हे नातेवाइकांना कसं सांगायचं. मी कार्यशाळेची सगळी मांडामांड बघायचे, त्यामुळे मॅडमची वाक्यं मला पाठ झाली होती. "उपमा देऊ नका," त्या सांगायच्या. "मेंदू झोपलाय म्हणालात, तर बाई उठायची वाट बघत बसेल. आशा कमी आहे म्हणालात, तर ती उरलेली आशा घट्ट धरेल. नाव घ्या आणि 'गेले' म्हणा. मग गप्प बसा. ते गप्प बसणंच तुम्हाला जमत नाही."

त्या वर्षीची दुसरी कार्यशाळा आठवड्यावर आली होती आणि भाईची मोटरसायकल कल्याण रस्त्यावर घसरली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ठाण्याच्या एका इस्पितळात त्याला ठेवलं होतं. मॅडमनी मला फोनवर फक्त एवढंच सांगितलं की गुरुवारच्या पाहुण्यांना स्टेशनवरून तूच घेऊन ये. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन इस्पितळात गेले. मॅडम, आई आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आईच्या मांडीवर एक पिशवी होती, भाईच्या हातातून काढलेलं घड्याळ ठेवलेली. आई पिशवीची दोरी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे ठराविक अंतराने दोनदा मेंदूच्या तपासण्या केल्या होत्या. दुसरी झाल्यावर एक तरुण डॉक्टर बाहेर आला. चांगला मुलगा असावा. तो म्हणाला, "आम्ही शक्य ते सगळं केलं... आता फारशी आशा..." आणि तो मॅडमकडे बघायला लागला. त्यांना तो ओळखत होता. आदल्या वर्षी त्यांच्या कार्यशाळेत पुढच्या रांगेत बसला होता.

मॅडम उठल्या. आईसमोर खाली जमिनीवर बसल्या. "आय," त्या म्हणाल्या, "भाई जेला."

मग त्या गप्प बसल्या.

आईने काही ऐकलंच नाही असं मला वाटलं. पण ती उठली, मॅडमचं मनगट धरलं आणि त्यांना आत घेऊन गेली. दाराच्या काचेतून मला दिसत होतं. आईने मॅडमचा हात भाईच्या छातीवर ठेवला आणि वरून आपल्या हाताने दाबून धरला. छाती वर येत होती, खाली जात होती. दार अर्धवट उघडं होतं, आईचा आवाज बाहेर येत होता. "आंग गरम हाय त्याचं. बघ. काळीज चालू हाय. तू सांगतस जेला?"

"मशीन श्वास देतंय, आय. ते बंद केलं की काळीजही थांबेल."

"तू त्याची बहीन हायस का डाक्टर हायस?"

मॅडमनी हात काढला नाही. "बहीण हाय, म्हणून मी सांगतंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

अवयवदानाचं वहिनीने ठरवलं. मॅडमनी तिला एका शब्दानेही सुचवलं नाही. समुपदेशक बाई बोलत होत्या तेव्हा त्या मुद्दाम लांब, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. वहिनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि म्हणाली, "द्या. कोणी काय मागितलं तर त्याला नाय म्हणता यायचं नाय." पण आईच्या मनात एकच गोष्ट बसली. बाराव्याला आळीतल्या बायकांसमोर ती म्हणाली, "माजा पोऱ्या श्वास घेत व्हता. हिनं सांगितलं जेला, म्हणून जेला." त्यानंतर तिने मॅडमशी बोलणं बंद केलं. विभागातला तो दुपारचा फोन वाजायचा थांबला.

मॅडमचं बाकी काही थांबलं नाही. गुरुवारी त्या आल्या, फळ्यावर लिहिलं, पाहुण्यांची ओळख करून दिली, चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. आम्ही त्यांच्याकडे चोरून बघत होतो. पुढे ढकललेली कार्यशाळाही त्यांनी घेतली, त्याच वाक्यांनी, त्याच क्रमाने, एकही शब्द न बदलता. आवाज कापेल म्हणून मी पाण्याचा ग्लास भरून जवळ उभी होते. तो तसाच राहिला.

एकदा प्रयोगशाळेत दोघीच होतो तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "मला रडू येत नाहीये. दुखतही नाही. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल जसा आपला वाटत नाही ना, तसं." मग स्वतःशीच किंचित हसल्या. "बघ. लोकांना उपमा देऊ नका म्हणते आणि मला मात्र दुसरं काही सुचत नाही." मी म्हटलं, थोडी रजा घ्या. त्या म्हणाल्या, "रजा घेऊन काय करू? घरी बसून बधिरच राहायचं, तर इथे निदान चहा आहे."

असं वर्ष गेलं. पुढच्या सत्राच्या आखणीत मॅडमनी एक नवीन कार्यशाळा टाकली. ती विद्यापीठात नाही, डोंबिवलीत, एका शाळेच्या सभागृहात आणि सगळ्यांसाठी खुली. ज्यांनी आपल्या माणसाचे अवयव दिले आहेत अशी काही कुटुंबं येणार होती. वहिनीला मीच बोलावलं होतं, मॅडमना सांगून. ती आली. तिच्यामागून, हिरवं लुगडं चापूनचोपून नेसलेली, आई आली. दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. मॅडमनी त्यांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून त्या बोलायला लागल्या.

शेवटी प्रश्न सुरू झाले. नियम काय, वेळ किती लागतो, घरचे विरोधात असले तर काय. मॅडम सगळ्यांना शांतपणे उत्तरं देत होत्या. मग मागे आई उभी राहिली. मी माइक घेऊन गेले, तो तिने हाताने बाजूला केला. तिला माइकची गरज नव्हती.

"तुमी नातेवाइकांचं सांगितलंत," ती म्हणाली. आपल्या पोटच्या मुलीला ती 'तुमी' म्हणत होती. "सांगनाऱ्याचं काय व्हतं? त्याचं नाय सांगितलंत."

सभागृहात कोणाला नातं ठाऊक नव्हतं. मॅडम टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

"काही होत नाही," त्या म्हणाल्या. "काहीच होत नाही, आय. तेच वाईट आहे."

आईने खांद्यावरचा पदर सावरला. मग बसली. कार्यशाळा पुढे चालली, आभार झाले, माणसं उठली. मी खुर्च्या रचत होते. आई खुर्च्यांचा आधार घेत पुढे आली आणि मॅडमना म्हणाली, "घरी चल. सुकट केलंय." जणू कालच बोलणं झालं होतं. तिघी रिक्षात बसून गेल्या.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला त्या दुपारचं सांगितलं. माहेरी जेवल्या. वर्षभरात पहिल्यांदा पोटभर. तिथेच आईच्या खाटेवर आडव्या झाल्या आणि गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आई शेजारी बसून तांदूळ निवडत होती.

"अर्धवट झोपेत होते," मॅडम म्हणाल्या. "आईला विचारलं, भाई जेवला का गो?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"आईने सूप खाली ठेवलं. माझ्या केसांवरून हात फिरवला." मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. "आणि म्हणाली, भाई जेला, बाय. मग कुठे मला रडू आलं."